माशांसाठी काचेचे कौल

आमच्या घरात निरुपयोगी अशी एकही वस्तू नव्हती. भिंतीवर एक तसबीर होती, पण तिच्यामागे ओलीने आलेला पोपडा होता. ओटीवर झोपाळा होता, त्यावर दिवसा माणसे बसत आणि पावसाळ्यात धोतरे वाळत. मी मोजणी कचेरीत नोकरीला. दिवसभर साखळी, काठी आणि गुंठे. माणूस मोजण्यात मुरला की समोर येईल त्या वस्तूला तिचे काम विचारायची खोड त्याला लागते. चाळिशी उलटल्यावर मात्र मला वाटू लागले, की जिच्यापुढे नुसते बसावे अशी एक तरी वस्तू घरात असावी.

ती मला मुंबईत दातांच्या डॉक्टरकडे दिसली. दाढ काढायला गेलो होतो, माझा मेहुणा सोबत होता. तो मुंबईतच नोकरी करी. बाहेरच्या खोलीत एका काचेच्या पेटीत पाणी भरलेले, पाण्यात हिरव्या रिबिनींसारखी वनस्पती उभी, तिच्यामधून लहान लहान मासे फिरताहेत, आणि वर विजेचा दिवा. मी पाहत राहिलो. दाढ निघाली ते कळलेच नाही असे म्हणणार नाही, चांगले कळले. पण निघताना मी पुन्हा पेटीपाशी उभा राहिलो तेव्हा मेहुण्याने मला तिचे मर्म सांगितले. मासे मुख्य नव्हेत, झाडे मुख्य. झाडे जगली तर पाणी ताजे राहते, पाणी ताजे तर मासे जगतात. आणि झाडे जगतात ती उजेडावर. म्हणजे सगळा खेळ त्या वरच्या दिव्याचा.

“वीज नाही तिथं हे जमायचं नाही, भावजी,” तो म्हणाला.

आमच्या आळीत तेव्हा वीज नव्हती. पण उजेड ही काही मुंबईची मिरास नव्हे. रत्नागिरीस उतरेपर्यंत पेटीची मापे माझ्या डोक्यात तयार होती: दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच.

घरी गोष्ट काढली ती जेवताना. आमचे घर शाकाहारी. बायकोने आमटी वाढता वाढता सगळे ऐकून घेतले आणि मग आपला निर्णय सांगितला. “जिवंत आहेत तोवर ते पाहुणे. त्यातला एक जरी मेला तरी ती मासळी, आणि मासळी या घरात राहायची नाही. त्याच दिवशी पेटी रिकामी करायची. आहे इकडे कबूल?”

मी कबूल म्हटले. पुढचे सगळे वर्ष मी त्या एका शब्दाखाली काढले.

पेटीचा सांगाडा सुताराने सागाचा करून दिला, काचा तसबिरी मढवणाऱ्याने कापल्या. अडले ते सांध्यांपाशी. पाणी भरले की चारही कोपऱ्यांतून ठिबकायचे. आमच्या मागल्या दारापलीकडे एक म्हातारे नाखवा राहत. उमर गलबतावर गेलेली, आता मुलगे समुद्रावर आणि हे अंगणात. होड्यांच्या फटी बुजवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही अशी त्यांची ख्याती होती, निदान ती त्यांनी मला सांगितली होती. त्यांनी पेटीभोवती एक फेरी घातली.

“पाणी कुठल्या बाजूला हवंय ते आधी सांगा, भाऊसाहेब. आमची विद्या पाणी बाहेर ठेवायची.”

मी म्हटले, आत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग काम उलटे करू. उलटे म्हणजे काय ते मला कळले नाही, कारण त्यांनी जे होडीला लावतात तेच लावले: कापूस, राळ आणि मुशीचे तेल. ठिबकणे खरोखरच थांबले. परंतु मुशी हा मोठा मासा आहे आणि त्याचे तेल त्याची आठवण विसरू देत नाही. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी आमच्या ओटीवर मांजरे जमली. आळीत इतकी मांजरे असतील याचा मला अंदाज नव्हता. शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालता घालता थांबल्या आणि माझ्या बायकोला हळूच विचारू लागल्या, की तुमच्याकडे कोणी पाहुणे आलेत का, खाणारे?

वास जाईपर्यंत पाणी बदलत राहिलो. मग तळ घालायचा होता. मी अंगणातलाच जांभा फोडून त्याची खडी घातली, कारण ती समोर होती. दुसऱ्या दिवशी पेटीत चहा झाला होता, दुधाशिवायचा. तो उपसून नदीची वाळू आणली, धुतली, पुन्हा धुतली. देवळाच्या तळ्यातून ती लांब पानांची वनस्पती मुळांसकट आणून लावली. पऱ्यातून, म्हणजे आमच्याकडच्या ओढ्यातून, पंचाने अकरा मासे धरले, बोटाच्या पेराएवढे, अंगावर दोन काळे पट्टे. पेटी भरायला घासलेटचे दोन डबे आणि वर एक कळशी पाणी लागले. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन मणाच्या वर.

पहिली जागा ओटीची. उजेड भरपूर, फुकट, आणि येणाऱ्याजाणाऱ्यालाही दिसेल. आठवडा झाला नाही तोच पाणी हिरवेगार झाले, मूग वाटून घातल्यासारखे. मासे आहेत की नाहीत ते फक्त ते काचेला नाक लावायला आले की कळे. त्यातच एके सकाळी झोपाळ्याच्या कडीवर एक खंड्या येऊन बसला. निळाभोर, चोच लांब. तो पेटीकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. कचेरीला उशीर होईल म्हणून मी बायकोला सांगितले, जरा लक्ष ठेव. ती म्हणाली, “पाहुण्यांना भेटायला कोणी आलं तर मी कशी नाही म्हणू?” मी त्या दिवशी कचेरीला उशिरा गेलो आणि पेटी माजघरातल्या बुटक्या टेबलावर आणून ठेवली.

कोकणातले माजघर म्हणजे थंडगार आणि काळोखी. तेथे दुपारी दोन वाजता सुईत दोरा ओवता येत नाही. झाडे आठच दिवसांत पिवळी पडू लागली. मेहुण्याचे बोलणे मला आठवले आणि राग आला. मी दिव्यांच्या मागे लागलो. आधी कंदील टांगला. त्याचा उजेड वाणसामान हुडकण्याइतका, झाड वाढवण्याइतका नव्हे. दोन कंदील टांगले तेव्हा काजळी दुप्पट झाली, उजेड दुप्पट झाला असे वाटले नाही. मग लग्नकार्यात वापरतात ती गॅसबत्ती आणली. तिने माजघर लखलखीत केले, कोळिष्टकेसुद्धा प्रथमच दिसली आणि त्याबद्दल मला बोलणी खावी लागली. बत्तीची घरघर इतकी, की जेवताना मीठ मागायचे तर खूण करावी लागे. शिवाय तिच्यावर किडे झेपावत आणि भाजून पेटीत पडत. माशांना वाटले रोज लग्न आहे. त्यातला एक इतका फुगला, की तो पोहायचा सोडून लोळू लागला. मी दोन दिवस पेटीसमोर अशा बेताने बसलो, की बायकोला तो कोपरा दिसू नये. तिसऱ्या दिवशी त्याचे पोट उतरले. बत्ती मी परत केली.

हवेचेही साधन करून पाहिले. सायकलच्या पंपाने फुटबॉलचा फुगा भरायचा, त्याला रबरी नळी, नळीच्या टोकाला बारीक भोक. फुगा हळूहळू बसतो आणि पाण्यात बुडबुडे येतात. कल्पना निर्दोष होती. मात्र हवा संपत आली की फुगा एक आवाज काढी. तो आवाज कशासारखा ते मी लिहीत नाही. आमच्याकडे पूजा सांगायला भटजी आले होते, संकल्प चालू होता, आणि आतून तो आवाज झाला. भटजींनी माझ्याकडे पाहिले. मी पेटीकडे बोट दाखवले. त्यांना माझ्या बोटाच्या दिशेला माझा म्हातारा चुलता बसलेला दिसला.

उपाय सुचला तो कचेरीत. पुष्कळ घरांच्या छपरांत उजेडासाठी एखादे काचेचे कौल असते. आमच्या छपरात नव्हते. मी एक आणवून बसवले, आणि बसवण्याआधी पूर्ण हिशेब केला. सूर्य वर्षभर दक्षिणोत्तर सरकतो हे सर्वांस माहीत आहे, पण तो घरात किती सरकतो हे कोणी मोजत नाही. आमचे कौल टेबलापासून साडेअकरा फुटांवर. पौषात दुपारचे ऊन कौलातून आत आले की सरळ खाली न पडता उत्तरेला नऊ फुटांवर पडते. मग ते रोज थोडे थोडे दक्षिणेला सरकत वैशाखात बरोबर कौलाखाली येते. शिवाय दुपारच्या भरात ते तासाला तीन फूट पूर्वेकडे पळते ते वेगळेच. तेव्हा पेटीने उन्हाच्या मागे जायला हवे. मी जमिनीवर खडूने वर्षाचा रस्ता आखला: पौषाची जागा जात्यापाशी, माघाची देव्हाऱ्याच्या पायरीशी, फाल्गुनाची धान्याच्या कणगीसमोर, चैत्राची नेमकी स्वयंपाकघराच्या दारात.

आमची जमीन शेणाने सारवलेली. बायको सणाआधी सारवी, आणि सारवले की माझे पुढचे दोन महिने पुसले जात. मी पुन्हा मोजून आखी. होळीला तिने पुन्हा सारवले. आम्ही यावर भांडलो नाही. ती तिचे काम करीत होती आणि मी माझे.

भरलेली पेटी सरकवणे हे एकट्याचे काम नव्हते. नाखव्यांनी त्याचीही तोड काढली. होडी पाण्यात लोटतात तसे पेटीच्या टेबलाच्या पायांखाली फळी घालून त्या फळीखाली दोन लाटणी आणि एक मुसळ घालायचे, आणि मागचे काढून पुढे लावत जायचे. ते दर रविवारी येत, लुंगी वर खोचीत आणि गलबत सोडताना जसा घोष करतात तसा घोष करीत. पेटी सहा इंच सरके. मग चहा. त्या दिवशी पोळ्या असल्या तर जेवण उशिरा होई, कारण लाटणी पेटीखाली असत.

झाडे मात्र सुधारली. पिवळी पाने गळून मुळाशी नवी हिरवी टोके आली. चैत्रात पेटी दारात होती. सगळे घर स्वयंपाकघरात आडवे होऊन शिरत होते, ताट डोक्यावर धरून. मला त्याचे काही वाटत नव्हते. संध्याकाळी कचेरीतून आलो की मी त्या दारात पाट घेऊन बसे. पाने हलत, मासे त्यांच्याआड जाऊन बाहेर येत. मी काही मोजत नसे, फक्त अकरा मोजून घेई.

सूर्याचा वर्षभराचा हिशेब मी असा चोख केला. छपराचा करायचा राहिला.

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी कौले परततात. दोन गडी वर चढतात, सगळी कौले उतरवतात, पालापाचोळा झाडतात, फुटकी काढून टाकतात आणि पुन्हा बसवतात. तो दिवस मी लहानपणापासून पाहत आलो आहे. जसे उद्या सकाळ होणार हे कोणी लिहून ठेवत नाही, तसे तेही माझ्या लक्षात आले नाही. कचेरीतून घरी आलो तर घर शाकारून तयार, आणि माजघरात मिट्ट काळोख. पेटी काळोखात उभी.

मी त्यातल्या म्हाताऱ्या गड्याला विचारले, काचेचे कौल कुठे आहे?

“न्हानीवर घातलं, भाऊनू,” तो म्हणाला. “फुटकं-तुटकं, जुनं-पानं आनि येगलं असंल ता न्हानीवर नि गोठ्यावर घालायची रीत हाय. ह्ये येकच येगलं व्हतं.”

रीत मलाही माहीत होती. चांगली कौले घराला, उरलीसुरली मागच्या अंगाला. मी म्हटले, आता काढून पुन्हा माजघरावर लाव. तो वर आभाळाकडे पाहू लागला. दक्षिणेकडून ढग आले होते, त्याला अजून पाच घरे करायची होती, आणि बसवलेले छप्पर पुन्हा हलवले तर ते गळणार हे त्याचे म्हणणे मला खोडता येईना. कौल आता पुढच्या वैशाखापर्यंत न्हाणीघरावर.

घरात त्याचा पहिला बोभाटा निराळाच झाला. न्हाणीघराच्या बाजूला आमचा एक माड आहे, छपरावर थोडा झुकलेला. बायकोचे म्हणणे, नारळ पाडायला जो वर चढेल त्याला काचेतून खालचे सगळे दिसेल. ती दोन दिवस न्हाणीघरात छत्री घेऊन गेली. मी कोन काढून दाखवले, की माडाच्या शेंड्यावरून पाहिले तरी पाणी तापवायच्या हंड्यापलीकडे नजर जाणार नाही. ती म्हणाली, मग इकडूनच चढून खात्री करून घ्यावी. मी नाखव्यांना गाठले, नाखव्यांनी पाडेल्याला वर चढवला, आणि त्याने वरून ओरडून आख्ख्या आळीला सांगितले, की हंडा दिसतो, दुसरे काही नाही, आणि हंड्याला कल्हईची गरज आहे.

छत्री बंद झाली, पण माझे दुखणे तसेच होते. पाऊस लागला आणि माजघर आणखी काळे झाले. झाडांची पाने कडेपासून तपकिरी होऊन पाण्यात विरघळू लागली. पाण्याला वास सुटला. एके दुपारी अकराही मासे वर येऊन तोंडे उघडझाप करीत होते, आणि तो पूर्वीचा खादाड एका कुशीवर कललेला होता. मी फुगा भरला, भरला, पुन्हा भरला. बायको बरण्या घेऊन आली. लोणच्याच्या बरण्यांना तेच टेबल लागे, आणि कैऱ्या केव्हाच घरात आल्या होत्या.

“पाहुण्यांची तब्येत बरी दिसत नाही,” ती म्हणाली.

मी म्हटले, “हवा खाताहेत.”

तिने वाकून पाहिले. कललेला मासा तिला दिसला हे मला दिसले.  मग तिने बरणी खाली ठेवली आणि म्हणाली, “इतके दिवस पेटी उजेडामागे हिंडत होती. आता उजेड न्हाणीत गेला, तर पेटी घरात का? दर रविवारी सहा इंच ढकलायची ती एकदाच काय ती ढकलावी. आणि ते टेबल मला आज हवंय.”

मी नाखव्यांना हाक मारली. पाऊस पडत होता. निम्मे पाणी उपसून, लाटणी घालून, माजघरातून पडवीत, पडवीतून न्हाणीत. नाखव्यांचा घोष त्या दिवशी काही निराळाच होता. म्हणाले, हा वादळातला आहे. हंड्यापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब, जांभ्याच्या कट्ट्यावर पेटी बसवली. विहीर दोन पावलांवर, म्हणून ताजे पाणी हवे तितके. मी वर पाहिले. न्हाणीचे छप्पर बुटके, कौल पेटीपासून चारच फुटांवर. अंतर तिसरा हिस्सा झाले की उजेड नऊपट होतो. ऊन नसले तरी ढगाळ आभाळाचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेटीवर सांडत होता, आणि त्यासाठी काही हलवावे लागत नव्हते. कललेला मासा तिसऱ्या प्रहरी सरळ झाला. मी अकरा मोजले आणि बायकोला जाऊन अकरा सांगितले. तिने कैरी चिरता चिरता मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि लगेच बाहेर आली. आत मासे बघतात, म्हणाली.

मी म्हटले, मासे ते, त्यांना काय कळते?

“त्यातले पुरुष किती आहेत? इकडून एवढं सगळं मोजलंय, हे मोजलंय का?”

मोजले नव्हते. माझ्याजवळ तो आकडा नव्हता हे मला खाली मान घालून सांगावे लागले. मी नाखव्यांना विचारले. समुद्रावर जन्म गेलेला माणूस, त्यांना ठाऊक असेल. ते पेटीपाशी उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. “माशाची पारख आम्हांला ताटात, भाऊसाहेब,” ते म्हणाले. “काचेतून नाही होत.” तेव्हा बायकोने आपला तोडगा काढला. आंघोळीआधी पेटीवर एक पंचा टाकायचा. माझा पंचा.

आषाढ-श्रावणात झाडांनी अशी उभारी धरली, की पाने पाण्याच्या वर येऊन आडवी पसरली. वाफ, धूर, साबण यांतले त्यांना काही बाधले नाही. साबण लावणाऱ्याने पेटीकडे पाठ करायची असा नियम मी भिंतीवर कोळशाने लिहिला होता. आमच्या घरातली माणसे आंघोळीला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लावू लागली. मीही. न्हाणीच्या दगडावर बसून अंगावर तांब्या ओतायचा आणि हिरव्यातून जाणारे ते काळे पट्टे पाहायचे, यात कचेरीची वेळ टळून जाई.

गणपतीला मेहुणा आला. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या तशी त्याने पहिली बोट धरली होती. मी त्याला पेटीबद्दल काहीच सांगितले नाही, नुसते पाणी तापले आहे म्हटले. तो आत गेला. बराच वेळ तांब्याचा आवाज आला नाही. मग दार किलकिले करून त्याने मुंडके बाहेर काढले. केसांना साबण तसाच.

“भावजी, पेटीत मासे किती म्हणालात?”

“मी म्हणालो नाही. पण अकरा.”

“मग या जरा.”

मी गेलो, मागून बायको गेली. झाडांच्या मुळाशी, जिथे पाने दाट होती, तिथे तांदळाच्या कणीएवढे काहीतरी लुकलुकत होते. एक नव्हे. मी मोजायला लागलो, ते हलले, मी पुन्हा पहिल्यापासून मोजले. मेहुणा साबणाने भरलेले डोके घेऊन, कमरेला पंचा गुंडाळून माझ्या शेजारी मोजत होता, आणि आमचे आकडे जुळत नव्हते. विजेच्या दिव्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

बायकोने दोघांच्या मधून मान घालून पाहिले.

“म्हणजे त्यात एक तरी होता,” ती म्हणाली, आणि दोरीवरचा दुसराही पंचा ओढून घेतला.

आता वैशाखात कौले परतायला गडी आले की मी त्या दिवशी रजा काढतो आणि न्हाणीखाली उभा राहतो. काचेचे कौल जिथल्या तिथे जाते. माशांचा आकडा मी सोडून दिला आहे, तो जमत नाही. पंचे मात्र दोन लागतात, आणि ते दोन्ही माझेच असतात.